टक्क्याला तीनने भागण्यापूर्वी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि अथणी भागांत मोटार अपघात भरपाईचे दावे चालवणारे वकील, अपंगत्वाचा दाखला देणारे अस्थिरोग डॉक्टर आणि विमा कंपन्यांचे दावे पाहणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

गवंडीकाम करणाऱ्या माणसाला टेम्पोची धडक बसते. उजव्या पायाची दोन्ही हाडे मोडतात, रॉड बसतो, हाड थोडे वाकडे जुळते. वर्षभराने दाखला येतो: उजवा पाय, 42 टक्के. एमव्हीसीच्या, म्हणजे मोटार अपघात दाव्याच्या, फायलीत त्या 42 ला तीनने भागून 14 केले जातात. 14 टक्क्यांना मानीव उत्पन्नाने, म्हणजे तुमच्या भाषेत नोशनल इन्कमने, गुणायचे आणि वयाचा गुणक, म्हणजे वयानुसार ठरलेला वर्षांचा आकडा, लावायचा, की भविष्यातील कमाईचे नुकसान तयार. या सगळ्या हिशेबात तो गवंडी होता ही गोष्ट एकदाही येत नाही. तो बँकेत खुर्चीवर बसणारा असता तरी टक्का 14 च राहिला असता. आमचे म्हणणे त्या गायब झालेल्या धंद्याविषयी आहे.

आधी 42 कुठून येतात ते पाहू. अपंगत्व मोजण्याच्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार पायाचे दोन भाग धरतात: हालचाल आणि स्थिरता. दोन्हींचे गुण वेगळे काढून ‘मोठा अधिक लहान गुणिले (90 वजा मोठा) भागिले 90’ या सूत्राने एकत्र करतात. हालचालीचे 30 आणि स्थिरतेचे 18 आले तर साधी बेरीज 48 होते, सूत्राने मात्र 30 अधिक 12, म्हणजे 42. म्हणून दाखल्यात ‘शरीराच्या कोणत्या भागाच्या संदर्भात’ हा रकाना असतो. 42 टक्के हे त्या पायाचे असतात. संपूर्ण शरीराचे नसतात आणि कमाईचे तर मुळीच नसतात.

मग तीनने भागणे आले. आपल्याकडच्या न्यायाधिकरणांत आणि हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठासमोरच्या एमएफएंतही, म्हणजे अपिलांतही, अवयवाच्या टक्क्याचा एक तृतीयांश तो शरीराचा टक्का, असा हिशेब वर्षानुवर्षे चालत आला आहे. अवयवाचा टक्का शरीरावर आणण्याची ढोबळ पद्धत म्हणून ते एकवेळ ठीक. गडबड त्यानंतर होते. शरीराचा टक्का आला की तोच कमाईचा टक्का म्हणून लिहिला जातो. ‘व्होल बॉडी’ आणि ‘अर्निंग कपॅसिटी’ यांच्या मधली पायरी कुणी चढतच नाही.

यात एक मुका सौदाही आहे. तीनने भागणार हे ठाऊक असल्यामुळे काही दाखल्यांत टक्का मुळातच चढवलेला असतो. दाखले चढवलेले असतात हे ठाऊक असल्यामुळे भागाकाराला कुणी हरकत घेत नाही. दोन चुका एकमेकींना फेडतात असे सगळ्यांना वाटते. पण फेड सारखी होत नाही. ज्याचा दाखला फुगवलेला आणि काम बैठे, तो फायद्यात राहतो. ज्याचा दाखला प्रामाणिक आणि काम अंगमेहनतीचे, तो दोन्हीकडून मार खातो. ऊसतोड, गवंडीकाम, फाउंड्री, हमाली यांत आयुष्य गेलेली माणसे बहुधा या दुसऱ्या रांगेत असतात.

सुप्रीम कोर्टाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात हा गुंता सोडवून ठेवला आहे. निकाल सगळ्यांच्या युक्तिवादात असतो, वापरात क्वचित. त्यातल्या पायऱ्या तीन. जखमी माणूस आता कोणत्या हालचाली करू शकतो आणि कोणत्या नाही, हे पहिले. अपघातापूर्वी त्याचा व्यवसाय, कामाचे स्वरूप आणि वय काय होते, हे दुसरे. आणि तिसरे म्हणजे तो कमाईला पूर्ण मुकला, की जुनेच काम थोडेफार करू शकतो, की ते सुटले तरी दुसरे हलके काम करून पोट भरू शकतो. डावा हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर यांचे कमाईचे नुकसान जवळजवळ शंभर टक्के असू शकते, तर सरकारी कारकुनाची नोकरी टिकून राहू शकते, हे उदाहरण त्याच निकालातले. डॉक्टरने अपंगत्व सांगावे, कमाईचे नुकसान न्यायाधिकरणाने ठरवावे, अशी कामाची वाटणीही तिथेच केलेली आहे. उपचार न करता तयार दाखले देणाऱ्यांविषयी सावध राहा, हेही तिथेच सांगितले आहे.

डॉक्टर मंडळी, म्हणूनच तुमच्याकडून आम्हांला जास्त टक्के नकोत, जास्त ओळी हव्यात. ‘रुग्णाला जड काम करताना त्रास होतो’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक दाखल्यात असते आणि त्याचा उपयोग कुणालाच होत नाही. जड म्हणजे किती? सिमेंटचे पोते 50 किलोचे असते. ते उचलून पहिल्या मजल्यावर नेता येईल का? गुडघा किती अंशांत वाकतो? 90 च्या पुढे वाकत नसेल तर उकिडवे बसता येत नाही. आणि उकिडवे बसता आले नाही तर फरशी बसवणे आणि भिंतीच्या खालच्या हाताचे प्लास्टर ही दोन्ही कामे संपली. परांचीवर चढायला घोट्याचा तोल लागतो. घोटा किती अंश वर-खाली होतो आणि पाय किती सेंटिमीटर आखूड झाला हे आकड्यांत हवे. सोबत ताजा एक्स-रे हवा. अपघाताच्या दिवशीचा एक्स-रे हाड मोडल्याचा पुरावा आहे, ते कसे जुळले याचा नाही. उलटतपासात पहिला घाव याच जागी बसतो.

धंदा बदलला की तीच जखम वेगळी ठरते. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मोल्डिंग करणारा दिवसभर वाकून पेटी भरतो आणि वितळलेल्या लोखंडाचे लॅडल, म्हणजे दांड्याचे भांडे, दोघांत धरून चालतो. त्याच्या मनगटाची पकड निम्म्यावर आली तर प्रश्न एकट्या त्याचा राहत नाही, समोर लॅडल धरणाऱ्याच्या जिवाचाही होतो. कुठलाही मालक त्याला त्या कामावर परत घेणार नाही. शहापूर-वडगावच्या यंत्रमागावर काम करणारा दिवसभर मागांमधून उभ्याने फिरतो. कांडी बदलायची, तुटलेला धागा शोधून गाठ मारायची. अंगठा आणि पहिले बोट यांची चिमूट होत नसेल तर पाय ठणठणीत असून उपयोग नाही. निपाणीच्या विडी कामगार बाईचे उदाहरण तर सरळ फसवे आहे. तिचा पाय मोडला की समोरचा वकील म्हणतो, विड्या हाताने वळतात, पायाचा संबंध काय? संबंध बसण्याचा आहे. पान कापण्यापासून दोरा बांधण्यापर्यंत सगळे काम मांडीवर सूप घेऊन, तासन्‌तास जमिनीवर बसून चालते. मांडी घालता येत नसेल तर दिवसाला हजार विड्या वळणारी बाई चार-पाचशेवर येते, आणि मजुरी हजारावर मिळते. हे दाखल्यात किंवा साक्षीत लिहून आले नाही तर न्यायाधीशांनी ते स्वप्नात पाहायचे काय?

ड्रायव्हरचे त्यातल्या त्यात सोपे असते, तरी तेही सोडून दिले जाते. मालवाहू किंवा प्रवासी वाहनाच्या परवान्याच्या नूतनीकरणाला डॉक्टरचे फॉर्म 1-ए हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. क्लचच्या पायाचा घोटा ताठ झालेल्या माणसाला ते मिळणार आहे का, एवढा एकच प्रश्न साक्षीत डॉक्टरना विचारा. उत्तर ‘नाही’ आले तर ट्रक ड्रायव्हर म्हणून त्याची कमाई संपली. मग त्या पायाचे टक्के 20 आहेत की 25, हा वाद उरत नाही. तो आता वॉचमनकी करू शकेल आणि तिथे त्याला अमुक पगार मिळेल, हे सिद्ध करण्याचे काम विमा कंपनीच्या बाजूचे.

आता आकडे. गवंड्याचे वय 34 धरू. सरला वर्मा या 2009 च्या निकालातल्या तक्त्यात 31 ते 35 वयाला गुणक 16 आहे. फायलीत साधारण असा हिशेब दिसतो: मासिक 12,000 गुणिले 12 गुणिले 16 गुणिले 14 टक्के. उत्तर 3,22,560 रुपये. हाच हिशेब आम्ही असा मांडू: पुराव्याने सिद्ध होणारे मासिक उत्पन्न 18,000. स्वतंत्र काम करणारा आणि चाळीशीच्या आतला म्हणून भविष्यातील वाढीचे 40 टक्के मिळवून 25,200. गुणिले 12 गुणिले 16, म्हणजे 48,38,400. धंद्याच्या दृष्टीने कमाईचे नुकसान 40 टक्के धरले तर 19,35,360 रुपये. बरोबर सहापट. उत्पन्नाने दीडपट, भविष्यातील वाढीने 1.4 पट आणि टक्क्याने जवळपास पावणेतीनपट असा हा फरक साठत जातो. 40 हा आकडा आम्ही उदाहरणासाठी घेतला आहे. चांगला पुरावा असेल तर तो 60 होईल. आणि तो माणूस आधीच मुकादमी करत असेल, हातात थापी क्वचितच धरत असेल, तर 20 सुद्धा जास्त ठरतील. धंदा मोजायचा म्हणजे दोन्ही बाजूंनी मोजायचा.

मधल्या 40 टक्क्यांच्या वाढीवर अजूनही वाद घातला जातो याचे नवल वाटते. 2017 च्या प्रणय सेठी निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दर ठरवून दिले: कायम नोकरी असेल तर चाळीशीच्या आत 50 टक्के, 40 ते 50 मध्ये 30, 50 ते 60 मध्ये 15. स्वतंत्र व्यवसाय किंवा ठरावीक पगार असेल तर अनुक्रमे 40, 25 आणि 10. तो निकाल मृत्यूच्या दाव्यातला होता, इथे माणूस जिवंत आहे, असा युक्तिवाद होतो. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने डेटा एंट्रीचे काम करणाऱ्या आणि हात गमावलेल्या एका तरुणाच्या प्रकरणात हा युक्तिवाद नाकारून जखमींनाही भविष्यातील वाढ दिली. मेलेल्या माणसाची मजुरी वाढली असती आणि लंगड्या झालेल्याची वाढलीच नसती, असे म्हणायला तसाही काही आधार नव्हता.

उलट दिशेची चूकही आम्ही कागदांत पाहतो. मृत्यूच्या दाव्याचा नमुना कॉम्प्युटरवर तसाच ठेवून जखमीचा दावा टाइप केला, की ‘वैयक्तिक खर्चापोटी एक तृतीयांश वजा’ ही ओळ राहून जाते. जखमी माणूस जेवतो, कपडे घालतो, औषधे तर आधीपेक्षा जास्त घेतो. त्याच्या कमाईतून ही वजावट होत नाही. याच नमुन्यापायी अंथरुणावर पडून राहिलेल्या महिन्यांची बुडालेली मजुरी हे वेगळे कलमही गळते. सहा महिने काम बंद असेल तर आपल्या गवंड्याचे तेवढेच 1,08,000 होतात. ती रक्कम गुणकाच्या हिशेबात आलेली नसते, स्वतंत्र मागावी लागते.

उत्पन्नाच्या पुराव्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्या भागातले निम्मे दावे इथेच पातळ होतात. सुरुवात पोलीस ठाण्यात होते. फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते आणि उद्योगाच्या रकान्यात ‘कूली’, म्हणजे मजूर, हा शब्द पडतो. मेस्त्री असो, सेंट्रिंगवाला असो, वेल्डर असो, सगळे कूली. अंगठा किंवा सही होते, प्रत घरी येते, कुणी वाचत नाही. दोन वर्षांनी शपथपत्रात ‘कुशल गवंडी, मासिक 18,000’ लिहिले की समोरचा वकील ती फिर्याद पुढे करतो. तेव्हा पहिली दुरुस्ती तिथेच हवी. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने 48 तासांत पहिला अपघात अहवाल, 50 दिवसांत अंतरिम आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. मधल्या काळात पीडिताने भरून द्यायचा फॉर्म असतो, त्यात व्यवसाय आणि उत्पन्नाची माहिती जाते. ती जागा कोरी सोडू नका. फिर्यादीतला ‘कूली’ तिथे ‘गवंडी मेस्त्री’ करून घेता येतो आणि ते अपघाताच्या जवळच्या काळातले लेखी कथन ठरते.

पुरावा काहीच नसेल तर कर्नाटक राज्य विधी सेवा प्राधिकरणाचा अपघाताच्या वर्षानुसार मानीव उत्पन्नाचा तक्ता वापरतात. तो लोकअदालतीत तडजोडी पटापट व्हाव्यात म्हणून केलेला आहे. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला निदान इतके, असा त्याचा अर्थ. व्यवहारात तो उलटा झाला आहे: कुणाकडे काहीही असो, त्याला इतकेच. तक्त्याच्या आधी आणखी एक पायरी आहे, ती म्हणजे त्या कामाचे किमान वेतन. राज्याची अधिसूचना कामानुसार आणि कौशल्यानुसार वेगळी असते, महागाई भत्ता दर एप्रिलला बदलतो, म्हणून अपघाताच्या वर्षाचीच प्रत लावा. आणि किमान वेतनही अंतिम शब्द नाही. पगाराचा दाखला नसला म्हणून डोळे मिटून किमान वेतनाचा शेवटचा रुपया धरू नये, थोडा अंदाज करावाच लागतो, असे सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये म्हटले आहे. दुसऱ्या एका प्रकरणात मृत माणूस ट्रॅक्टरच्या कर्जाचा महिन्याला 11,550 रुपयांचा हप्ता फेडत होता, म्हणजे कमाई त्याहून बरीच जास्त असणार, हा तर्क मान्य झाला.

हा हप्त्याचा तर्क आपल्याकडे सर्रास चालण्यासारखा आहे आणि कुणी वापरत नाही. सोसायटीचे कर्ज, बायकोच्या नावावरचा बचत गटाचा हप्ता, भिशी, दुचाकीचे फायनान्स, मुलांच्या शाळेची फी, घरभाडे यांची गेल्या दोन वर्षांची बेरीज मांडली की दरमहा किमान किती रुपये घरात येत होते ते दिसते. गवंड्याला ठेकेदार आता फोनवरून पैसे पाठवतो. बँकेचे किंवा यूपीआयचे उतारे काढा आणि आठवड्याच्या शनिवारी आलेल्या रकमा पेनाने खुणा करून दाखवा. ठेकेदाराच्या लेटरहेडवरचा ‘मासिक 25,000 देत होतो’ हा गोल आकड्याचा दाखला एकटाच आणू नका. ठेकेदाराला साक्षीला आणल्याशिवाय त्याला किंमत नाही, आणि आणले तर हजेरीची वही सोबत हवी. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी असेल तर धंदा तरी सिद्ध होतो. विडी कामगाराचे ओळखपत्र, पीएफची नोंद आणि कारखान्याचे पासबुक हा तर तयार पुरावा आहे. त्यात किती हजार विड्या दिल्या ते लिहिलेलेच असते.

शेतकऱ्याचा हिशेब वेगळा. जमिनीचा उतारा जोडला की झाले असे समजू नका. जमीन अपघातात गेली नाही, ती घरच्यांकडे आहे आणि उत्पन्न देत राहील, असा युक्तिवाद येतो, तो 2003 पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालात आहे. त्यामुळे जमिनीचे उत्पन्न मागण्यापेक्षा त्या माणसाच्या हाताचे आणि देखरेखीचे मोल मागा. रात्रीची वीज आली की पाणी पाजायला कोण जात होते? फवारणी, नांगरट, बटाटा किंवा रताळी काढून मार्केटला नेणे कोण करत होते? त्या कामांना आता गडी लावला तर वर्षाला किती दिवस आणि काय मजुरी? साखर कारखान्याची ऊस बिले, दूध संघाच्या स्लिपा आणि अडत्याच्या पट्ट्या अपघाताच्या आधीच्या तीन वर्षांच्या आणि नंतरच्या दोन वर्षांच्या शेजारी शेजारी ठेवा. गोठ्यातल्या म्हशी चाराच्या दोन झाल्या असतील, तर ते नुकसान कुणी समजावून सांगावे लागत नाही.

वयाची चूक छोटी दिसते, पण महाग पडते. कित्येकांच्या आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी आहे, कारण नोंदणीवेळी वर्ष अंदाजे सांगितले गेले. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने आधारऐवजी शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला, तेव्हा वय 47 चे 45 झाले आणि गुणक 13 चा 14. आपल्या उदाहरणातला गवंडी शाळेच्या दाखल्याने 39 आणि आधारने 41 वर्षांचा असता तर? गुणक 15 ऐवजी 14 लागतो आणि भविष्यातील वाढ 40 वरून 25 टक्क्यांवर येते. तेच 18,000 आणि तेच 40 टक्के धरून 18,14,400 चे 15,12,000 होतात. तीन लाख दोन हजार चारशे रुपये गावच्या मराठी शाळेच्या कपाटात पडून असतात. दाखला मराठीत असेल तर भाषांतर जोडून द्या, पण द्या.

भाषांतराचा मुद्दा निघालाच आहे तर उलटतपासाबद्दल. जखमी मराठीत बोलतो, प्रश्न कन्नडमध्ये येतो, नोंद इंग्रजीत होते. ‘आता काम करता ना?’ या प्रश्नाला आपला माणूस लाजेखातर म्हणतो, ‘हो, करतो थोडंफार.’ बसून खाणे त्याला कमीपणाचे वाटते. नोंद होते, ‘साक्षीदार काम करत असल्याचे मान्य करतो.’ इथे वकिलांनी आधीच तजवीज करावी. मुख्य शपथपत्रातच लिहा की सध्या तो अमुक दुकानात बसतो, दिवसाला अमुक तास, अमुक रुपयांवर, आणि आधीचे अमुक काम अमुक कारणाने सुटले. मग उलटतपासातले ‘हो’ त्याच्या विरुद्ध जात नाही, शपथपत्राला दुजोरा देते. शपथपत्र सहीपूर्वी त्याला मराठीत वाचून दाखवा. घाई असली तरीही.

सीमेवर राहण्याचे आणखी काही चटके आहेत. अपघात चंदगड, गडहिंग्लज किंवा कागलकडे झाला, तर पंचनामा मराठीत, उपचार कोल्हापूर-मिरजेत, दावा मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम 166(2) प्रमाणे जखमी राहतो त्या हद्दीत, म्हणजे बेळगाव-खानापुरात चालू शकतो. त्यासाठी महाराष्ट्रात खेटे घालायची गरज नाही. पण उपचार करणारा डॉक्टर साक्षीला इथवर येत नाही, म्हणून स्थानिक डॉक्टरचा दाखला घेतला जातो आणि ‘यांनी उपचार केलेच नाहीत’ या एका वाक्यात तो उडतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरची साक्ष कमिशनर नेमून किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सने घेण्याचा अर्ज वेळेवर द्या, किंवा वैद्यकीय मंडळाकडे पाठवण्याची विनंती करा. खानापूर तालुक्यातले बरेच लोक गोव्यात बांधकामावर आणि हॉटेलांत आहेत. त्यांचे उत्पन्न मोजताना आमच्या मते तिथला दर आणि तिथल्या किमान वेतनाची अधिसूचना लावायला हवी. माणूस कमावत होता ती जागा महत्त्वाची, रेशनकार्डावरची नव्हे.

मुदतीचेही भान हवे. कायद्यातील दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करण्याची अट आणल्यापासून दावे घाईत दाखल होतात, जखम अजून ओली असते आणि अर्जात टक्का ‘25’ असा अंदाजाने टाकलेला असतो. पुढे दाखल्यात 40 आले की विसंगती म्हणून तीच ओळ दाखवतात. उपचार चालू आहेत, कायम अपंगत्व नंतर सिद्ध करू, एवढे लिहून टक्का रिकामा ठेवणे शहाणपणाचे.

जी माणसे पूर्ण परावलंबी झाली त्यांच्याबाबत टक्क्याचा वाद नसतो, मात्र सांभाळणाऱ्याचा खर्च विसरला जातो. 2020 मध्ये बारा वर्षांच्या एका मुलीच्या दाव्यात सुप्रीम कोर्टाने दोन मदतनिसांचे मिळून दरमहा 10,000 धरून तेही 18 च्या गुणकाने गुणले, म्हणजे 21,60,000. घरची आई सांभाळते म्हणून तो खर्च शून्य होत नाही. घर सांभाळणारी बाई स्वतः जखमी झाली तर तिच्या कामाचेही मोल आणि त्यावर भविष्यातील वाढ द्यायची, हे 2021 पासून स्पष्ट आहे.

विमा कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना आम्ही एवढेच विचारू: फुगवलेल्या दाखल्यांची तुमची तक्रार खरी आहे, मग जखमीच्या कामाच्या जागी माणूस पाठवून तो आज काय करतो हे तुम्ही का तपासत नाही? तपासाचे अहवाल येतात ते वाहन, परवाना आणि परमिटचे. धंद्याचा अहवाल आम्ही क्वचितच पाहिला. तुमच्या तपासनिसाने ‘हा अजून परांचीवर चढतो’ असे फोटोसह दाखवले तर आमच्या 40 टक्क्यांचे 15 होतील, आणि ते योग्यच होईल. तीनने भागणे त्यापेक्षा स्वस्त पडते, हे मात्र समजते.

राष्ट्रीय लोकअदालत जवळ आली की एका दिवसात कितीतरी फायली मिटतात. त्या निवाड्यावर अपील नाही. तडजोडीच्या टेबलावर जाताना वकिलांनी एका कागदावर सहा आकडे मांडून न्यावेत: वय व त्याचा पुरावा, उत्पन्न व त्याचा पुरावा, वाढीचा दर, गुणक, दाखल्यातला अवयवाचा टक्का, आणि त्याच्या शेजारी वेगळ्या रकान्यात धंद्यानुसार कमाईचा टक्का, एका ओळीच्या कारणासह. शेवटचे दोन रकाने एकच करू नका. मग जखमीला तो कागद मराठीत समजावून सांगा: पूर्ण हिशेब इतका होतो, समोरून इतके देतात, फरक इतका, आणि धारवाडपर्यंत गेलास तर इतकी वर्षे लागू शकतात. 19 लाखांच्या हिशेबावर तो 9 लाखांना खुशीने सही करेल, त्याला आजच पैसे हवे असतील. सही त्याची आहे. फक्त खालचा आकडा पाहण्यापूर्वी वरचा आकडा त्याला दिसलेला असावा.

आपले,
मोटार अपघात दाव्यांच्या कागदपत्रांचे आणि हिशेबांचे काम करणारे काही जण
बेळगाव